अकरा पन्नासचं रॉकेट

अण्णा टीव्ही तिरका बघतात. म्हणजे टीव्ही समोर असतो आणि अण्णांची मान खिडकीकडे वळलेली असते. नवीन माणसाला वाटतं, यांचं लक्षच नाही. पण २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी विक्रम लँडर चंद्रावर उतरलं, तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरात पहिली टाळी वाजवली ती खिडकीकडे बघणाऱ्या अण्णांनीच. मी पुण्यात होते, व्हिडिओ कॉलवर. आईनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला अर्धा टीव्ही आणि अण्णांचा एक कान एवढंच दिसत होतं.

सगळा गलका ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "रॉकेट उडताना बघायचं तेवढं राहिलंच की आपलं."

तक्रार नव्हती त्यात. पण 'आपलं' या शब्दानं मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

चार वर्षांपूर्वी हे राहिलं ते माझ्यामुळे. श्रीहरीकोट्याला इस्रोच्या तळावर लोकांना उड्डाण बघता यावं म्हणून बांधलेली गॅलरी २०१९च्या मार्चअखेरीस सुरू झाली. स्टेडियमसारख्या पायऱ्या, समोर झाडी आणि झाडीपलीकडे प्रक्षेपणतळ. पेपरात तिची बातमी वाचल्यापासून अण्णांच्या डोक्यात ते बसलं होतं. त्याच जुलैत चांद्रयान-२ जाणार होतं. मी दोघांची नोंदणी केली, गाडीची तिकिटं काढली, आणि आठवडाभर आधी ऑफिसात काम निघालं म्हणून सगळं रद्द केलं. काम काय होतं ते आज मला आठवतसुद्धा नाही.

ते उड्डाण होतं १५ जुलैला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी. अण्णा घरी टीव्हीसमोर जागे होते. उड्डाणाला ५६ मिनिटं उरलेली असताना तांत्रिक बिघाडामुळे उलटमोजणी थांबवली. सकाळी सात वाजता अण्णांचा फोन आला, "बरं झालं गेलो नाही. हेलपाटा झाला असता फुकट." मी पण म्हटलं, हो ना, बरं झालं. माझी चूक परस्पर झाकली गेली होती. मग आठवडाभरात, २२ जुलैला दुपारी, तेच रॉकेट उडालं. मी ते ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाहिलं. त्याबद्दल मी काही बोलले नाही, अण्णाही नाही.

तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते.

२०२१मध्ये कधीतरी अण्णा म्हणायला लागले की गल्लीच्या तोंडाचा विजेचा खांब वाकलाय, पडेल कुणाच्या तरी अंगावर. आम्ही जाऊन पाहिलं, खांब सरळ. अण्णांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेली. गाडीखाली नुसती नजर टाकून पाटा कुठं बसलाय ते सांगणारा माणूस. त्यांनी खांब वाकडा म्हटलं तर वाद कोण घालणार? मग न्हाणीघरातल्या फरशा वाकड्या झाल्या. मग पेपरमधल्या ओळी. डॉक्टरांनी त्यांना बारीक चौकटींचा एक तक्ता दाखवला आणि एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "मधल्या रेघा कुणी वाकवल्यात?"

मॅक्युलर डीजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग खराब होत जातो. उजव्या डोळ्यात त्या भागाखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून झिरपायला लागल्या होत्या. त्यावर इंजेक्शन असतं आणि ते थेट डोळ्यात देतात, सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला. गेलेलं फारसं परत येत नाही, आहे ते टिकवायची खटपट असते. डाव्या डोळ्यातला प्रकार सावकाश चालणारा, पण चालूच. कडेचं मात्र सगळं नीट दिसतं. म्हणून अण्णा घरात कुठं धडपडत नाहीत, ताटातली मिठाची जागाही चुकत नाही. पण ज्याच्याकडे बघायचं नेमकं तेच पुसलेलं. ते स्वतः एकदा म्हणाले, "चेहरा सोडून सगळा माणूस दिसतो."

म्हणून मान खिडकीकडे. टीव्ही कडेला आला की दिसतो.

चंद्रावर उतरून पाच दिवस झाले आणि २८ ऑगस्टला, सोमवारी, इस्रोनं जाहीर केलं की आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं यान शनिवारी २ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी उडेल. गॅलरीची नोंदणी मंगळवारी दुपारी १२ वाजता सुरू होणार. म्हणजे हातात पाच दिवस.

श्रीहरीकोट्याला जायचा बेत आखणं हा मुळातच एक विचित्र प्रकार आहे. आपल्याकडे कुठल्याही प्रवासाची सुरुवात रेल्वेच्या तिकिटानं होते आणि तिकीट काही महिने आधी काढायचं असतं. रॉकेटची नक्की तारीख कधीकधी आठवडाभर आधीही माहीत नसते. बरं, जाहीर झालेली तारीखही पक्की नाही. हवा बिघडली, एखाद्या व्हॉल्व्हनं त्रास दिला, की पुढे गेली. तुम्ही लॉज घेऊन बसलेले असता आणि तिकडे उलटमोजणी थांबलेली असते. त्यामुळे हा बेत आखताना 'नाही दिसलं तर' याची तयारी आधी करावी लागते आणि 'दिसलं तर' याची नंतर. मला वाटतं अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्यांचं अर्धं आयुष्य स्टँडवर न आलेल्या गाडीची वाट बघण्यात गेलंय.

मी सोमवारी रात्री फोन करून सांगितलं की आपण जातोय. अण्णा गप्प बसले. मग विचारलं, "शुक्रवारी इंजेक्शन आहे ना?"

होतं. १ सप्टेंबरला. मी विसरले होते, किंवा खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. ती तारीख नेहमी आईच्या लक्षात असते.

आईनं फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. हळू आवाजात म्हणाली, "काय दिसणारे त्यांना तिथं? एवढ्या उन्हातान्हात न्यायचं, आणि सगळी लोकं वर बघून ओरडतील, आणि हे विचारतील कुठाय कुठाय. तुला बघवेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिडले, अर्थात. उत्तर नसलं की मी चिडते. म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत अडचणच दिसते. ती म्हणाली, "मला दिसते, कारण मी रोज बघते." आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी श्रीहरीकोट्याबद्दल मिळेल ते वाचत बसले. उड्डाण बघणाऱ्या माणसाला नक्की किती दिसतं, हे मला हवं होतं. पीएसएलव्ही हे सुमारे ४४ मीटर उंचीचं रॉकेट, वजन तीनशे टनांच्या वर. आपल्या डोळ्यांना ते दोन-तीन मिनिटं दिसणार, तेही ढग नसले तर. आदित्य रॉकेटपासून सुटं व्हायला मात्र तासाहून जास्त लागणार होता. म्हणजे डोळसांनाही बाकीचा सगळा कार्यक्रम गॅलरीतल्या पडद्यावरच बघायचा असतो. हे वाचून मला जरा धीर आला. कुणालाच फार दिसत नाही!

आणि मग आदित्यवरच्या उपकरणांबद्दल वाचताना मी एका ठिकाणी अडकले. त्याच्यावर सात उपकरणं. एक सूर्याची अतिनील किरणांमधली चित्रं काढणारी दुर्बीण, 'सूट' नावाची, पुण्यात आयुकामध्ये तयार झालेली. मी रोज त्याच रस्त्यावरून जाते आणि मला माहीत नव्हतं. पण अडकले ती बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बांधलेल्या मोठ्या उपकरणापाशी. ते सूर्याचा प्रभामंडल बघण्यासाठी आहे. हा प्रभामंडल सूर्याच्या बिंबापुढे इतका फिका असतो की एरवी दिसतच नाही. खग्रास ग्रहणात चंद्र बिंब झाकतो तेव्हा काही मिनिटं दिसतो. म्हणून या उपकरणात मधलं बिंब मुद्दाम अडवतात आणि कडेचं बघतात.

सकाळी मी अण्णांना हे फोनवर सांगितलं. जरा भीतभीतच. ते हसले. "म्हणजे माझंच मशीन की हे." मग थोडं थांबून, "त्याला निदान झाकण काढता येत असेल."

यावर काय बोलायचं असतं?

मंगळवारी बाराला मी मीटिंग लावूच दिली नाही. तिघांची नावं, वयं, ओळखपत्रांचे नंबर आधीच नोट्समध्ये टाइप करून ठेवले होते, नुसतं चिकटवायचं. बारा वाजून काही मिनिटांनी माझ्या हातात दोन जागा होत्या. तिसऱ्या नावापर्यंत पोचले तेव्हा संपल्या होत्या. चंद्रावरच्या विजयाला आठवडाही झाला नव्हता, सगळ्या देशाला रॉकेट बघायचं होतं.

दोन जागा आणि आम्ही तिघं. आई म्हणाली, तुम्ही दोघं जा. मग काहीशा घाईनं, "तिरुपती किती लांब पडतं तिथनं?"

आता हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडच्या गाडीनं जायचं तर रेणिगुंट्याला उतरायचं. तिथून तिरुपती अगदी जवळ आणि सुळ्ळूरुपेटा, म्हणजे श्रीहरीकोट्याचं दार, रस्त्यानं दोनेक तासांवर. आईच्या दृष्टीनं रॉकेट वाटेत होतं. पण तिरुपतीचं तीनशे रुपयांचं दर्शन तिकीट कित्येक आठवडे आधी संपलेलं असतं. मी म्हटलं, "आई, देवाचं बुकिंग आधीच फुल झालंय आणि रॉकेटचं आज सुरू होऊन आजच संपलं." शेवटी तोडगा मिळाला तो सुळ्ळूरुपेट्यातच. तिथं चेंगालम्मा परमेश्वरीचं देऊळ आहे, आणि उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्ष तिथं दर्शनाला जातात. चांद्रयान-३च्या आधीही गेले होते. मी आईला त्याचा फोटो पाठवला. तिनं उलट लिहिलं, "मग मी तिथेच बसेन. तुमचं होईपर्यंत." माझ्यासारखीनं त्यावर एरवी दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी मला अध्यक्षांचे आभार मानावेसे वाटले.

राहिलं इंजेक्शन. बुधवारी राखीसाठी तसंही सोलापूरला जायचं होतं, ते मी मंगळवारी रात्रीच गेले. डॉक्टरांना भेटून विचारलं. ते म्हणाले, सोमवारी घेऊ, तीन दिवसांनी काही बिघडणार नाही, पण पुढे ढकलायची सवय लावू नका. मग अण्णांकडे वळून, "सूर्याकडे बघायचं नाही. दुपारी बाराला तो डोक्यावर असेल. टोपी घाला, गडद चष्मा लावा."

अण्णा म्हणाले, "सूर्याकडे जायचं तर त्या यानाला. मी कशाला बघतोय?"

बाहेर आल्यावर रिक्षात बसताना त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, "हे तू माझ्यासाठी करतीयस की तुझ्यासाठी?"

मी म्हटलं, "दोघांसाठी."

"चालतंय. पण त्या वेळचं मनात धरून करत असशील तर सोडून दे. मला तेव्हा राग आला होता. आता नाही."

चार वर्षं मी समजत होते की त्यांना कळलंच नाही. रिक्षावाल्यानं विचारलं कुठं जायचं, तर मला पत्ता सांगता येईना.

तत्काळची भानगड निराळीच. सोलापूरला मध्यरात्रीनंतर येणारी गाडी, म्हणजे आपल्या दृष्टीनं शुक्रवारची, पण मुंबईहून गुरुवारी निघते. तत्काळ उघडतं ते गाडी जिथून निघते त्या तारखेच्या आदल्या दिवशी. म्हणजे बुधवारी सकाळी दहाला, एसीचं. हे गणित चुकून कितीजण एक दिवस उशिरा बसले असतील. भाऊ, मी आणि वहिनी, तिघं तीन फोन घेऊन बसलो, ओवाळणीचं ताट बाजूला. भावाच्या फोनवर तिकिटं निघाली: एक खालचा बर्थ, दोन वरचे. मी त्याला राखी नंतर बांधली, आधी मिठी मारली.

लॉज मिळेना. सुळ्ळूरुपेटा छोटं गाव, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री तिथं सगळा देश उतरतो. मी इंग्रजीत विचारायचे, पलीकडून तेलुगूत काहीतरी येऊन फोन बंद व्हायचा. शेवटी आई शेजारच्या काकूंना घेऊन आली. सोलापुरात तेलुगू बोलणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मागावर काम करायला आलेल्या पद्मशाली घरांच्या कितीतरी पिढ्या इथं झाल्या. काकूंनी चौथ्या फोनवर एका माणसाला पाच मिनिटं धारेवर धरलं, मग हसल्या, मग त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, आणि एक खोली मिळाली. भाडं नेहमीच्या दुप्पट असणार, पण त्याला मी तक्रार म्हणत नाही.

गुरुवारी अण्णांनी बॅग स्वतः भरली. बोटांनी चाचपत, प्रत्येक वस्तू ठरल्या कप्प्यात. टोपी, गडद चष्मा, डोळ्याचे थेंब, वर्कशॉपमधला जुना टॉर्च. मग मला जवळ बसवून त्यांनी त्यांचा स्वतःचा बेत सांगितला. तो ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चार दिवस तिकिटांचा बेत करत होते आणि उड्डाणाचा बेत हा माणूस करत होता.

"रॉकेटकडे सरळ बघायचं नाही. तू मला तळ कुठं आहे ते सांगायचं आणि मी मान डावीकडं करणार. वर जाईल तसं तू नुसतं 'वर' म्हण, 'उजवीकडं' म्हण. बाकी वर्णन नको. ज्वाळा मोठी असते, कडेला आली तर दिसेल. आणि उजेड आधी येतो, आवाज मागनं. किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकल्यावर मोजतो तसं. उजेड दिसला की मी मोजायला लागणार. तेव्हा मला कुणी बोलायचं नाही."

"नाही दिसला तर?"

"तर आवाज आल्यावर कळेलच की."

शनिवारी सकाळी आईला देवळाच्या पायरीशी सोडून आम्ही निघालो. रस्ता पुलिकत सरोवरातून जातो, दोन्ही बाजूंना उथळ पाणी पसरलेलं. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी येतात, तेव्हा नव्हते. अण्णांना पाण्याची चमक दिसत होती. दोन्ही कडांना पाणी आणि मध्ये रस्ता, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसाठीच केल्यासारखा प्रवास. ते म्हणाले, "छान आहे," आणि मग बेट येईपर्यंत काही बोलले नाहीत.

गॅलरीत आमच्या पुढच्या पायरीवर शाळेची मुलं होती, गालांवर तिरंगा रंगवलेली. उलटमोजणीचे शेवटचे दहा आकडे सगळ्यांनी मिळून म्हटले. अण्णांची मान डावीकडे. मागच्या एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावून हिंदीत सांगितलं, "काकांना सांगा, तिकडे नाही, इकडे." मी म्हटलं, त्यांना माहीत आहे.

झाडीच्या वर पिवळं काहीतरी फुटलं. मी 'वर' म्हणायच्या आत अण्णांचं बोट माझ्या मनगटावर आपटायला लागलं. एक. दोन. तीन. सगळी गॅलरी ओरडत होती आणि हा माणूस खिडकी नसलेल्या ठिकाणी खिडकीकडे बघत, ओठ मिटून, माझ्या मनगटावर सेकंद मोजत होता. मी रॉकेट कमी पाहिलं आणि त्यांनाच जास्त. मग आवाज आला. तो कानात येत नाही, पायरीतून येतो, बरगड्यांत येतो. बोट थांबलं. अण्णा मोठ्यानं हसले, एसटीचं इंजिन बऱ्याच खटपटीनंतर चालू झाल्यावर हसायचे तसे.

"वर," मी म्हटलं. "आता उजवीकडे."

"दिसलं गं," ते म्हणाले. किती दिसलं ते मी विचारलं नाही.

देवळापाशी आई कुंकवाची पुडी घेऊन उभी होती. तिलाही दिसलं होतं म्हणे, देवळाच्या आवारातून, सगळा गाव रस्त्यावर आला होता. तिच्यासाठी नोंदणीची गरजच नव्हती. ती अण्णांना म्हणाली, "धूर केवढा मोठा राहिला हो नंतर." अण्णा म्हणाले, "तो मला सरळ बघूनसुद्धा दिसला." सोमवारी ठरल्याप्रमाणे इंजेक्शन झालं.

आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जायचं होतं. सूर्य १५ कोटींवर, म्हणजे त्या वाटेचा शंभरावा हिस्सा. तिथं पोचायला चार महिने लागले. डिसेंबरात आयुकाच्या दुर्बिणीनं काढलेली सूर्याची पूर्ण बिंबाची चित्रं आली, ती मी अण्णांना मोठी करून पाठवली, आणि त्यांनी फोन कडेला धरून ती बघितली असणार. ६ जानेवारी २०२४ला, शनिवारी संध्याकाळी, त्यांचा फोन आला.

"पोचलं बघ."

"हो, बघितलं मी बातम्यांत."

"आता ते गगनयान कधी आहे म्हणायचं? माणसं जाणार ते?"

"तारीख नाही आली अजून."

"आली की सांग. आणि आईला पण नाव टाक या वेळी." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी आईला विचारलं, आणि मला पुढच्या इंजेक्शनची तारीख सांगितली.